क्लास संपल्यावर मूल काय करतं?

"शाळेतून नाव काढलंय. आता कोणते ऑनलाइन क्लास लावू?"

हा प्रश्न हल्ली पनवेलमध्ये वरचेवर कानावर येतो. कधी खांदा कॉलनीत भाजी घेताना, कधी वडाळे तलावाला फेरी मारताना. विचारणारी आई बहुतेक वेळा मोबाइलच पुढे करते आणि त्यात वेळापत्रक आधीच तयार असतं. साडेआठला गणित, दहाला फोनिक्स, बाराला कोडिंग, जेवण, मग अबॅकस, बुद्धिबळ आणि दिवेलागणीला पब्लिक स्पीकिंग. मूल नऊ वर्षांचं. शाळेत निदान मधली सुट्टी तरी होती हो!

मला त्यामागची धास्ती कळते. दाखला हातात पडला की पहिले काही आठवडे घर विचित्र शांत होतं. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणंही ऐकू येतं. शेजारी विचारतात, "आज सुट्टी?" नवरा सकाळी हार्बर लोकलने मुंबईला जातो आणि रात्री आल्यावर पहिला प्रश्न करतो, "आज काय शिकला?" या प्रश्नाला दाखवण्याजोगं उत्तर हवं म्हणून क्लास लागतात. मुलाला हवेत म्हणून लागलेले क्लास त्यात फार थोडे.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की सुरुवातीचे दोन-तीन महिने एकही क्लास लावू नका. अगदीच राहवत नसेल तर एक लावा. शाळेची घंटा डोक्यातून जायला मुलाला वेळ लागतो आणि आईबाबांना त्याहून जास्त लागतो. त्या दिवसांत मूल कशाशी रमतं, कशाला टाळतं, कुठे अडतं, हे वहीत लिहून ठेवा. पुढे क्लास निवडताना तुमच्या कामाला येईल ती ही वही. जाहिरात कोणाच्या मुलाकडे बघून लिहिलेली नसते.

त्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करायची आहे, ती म्हणजे परीक्षेची वाट. ती ठरल्याशिवाय क्लास निवडणं म्हणजे गावाचं नाव न सांगता तिकीट काढणं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवणं या दोन्हींच्या मधल्या धूसर जागेत आहे, हे माहीत असू द्या. घाबरून जाऊ नका, पण कागदपत्रांत ढिलाई नको.

दहावीपर्यंत पोचायच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ मध्ये सुरू झालेली, केंद्र सरकारची. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असे ए, बी, सी स्तर आहेत. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, वर्षातून दोनदा परीक्षा आणि एकेक विषय सुटा सोडवायची मुभा. मराठीतूनही दहावी देता येते. गणिताची धास्ती असलेल्या मुलाने आधी भाषा आणि चित्रकला उरकायची, गणित वर्षभराने, हे इथे चालतं. दुसरी वाट राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावी. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि फॉर्म परीक्षेच्या आदल्या वर्षीच भरावा लागतो. तेव्हा रागाच्या भरात शाळा सोडताना दाखला घ्यायला विसरू नका, आणि घेतला तर कपाटात नीट ठेवा. तिसरी वाट केंब्रिजसारख्या परदेशी मंडळाची. ती महाग आहे, पण काही घरांना सोयीची पडते.

आता बघा, क्लासचा हिशोब कसा बदलतो. एनआयओएसच्या वाटेने जाणाऱ्या मुलाला सीबीएसईच्या सातवीचा अख्खा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या वर्गणीने विकत घेऊन काय करायचंय? आणि १७ नंबरवाल्याला शेवटच्या दीड-दोन वर्षांत बालभारतीच्या पुस्तकावर शिकवणारंच कुणीतरी हवं. तिथे इंग्रजी माध्यमातली चकचकीत ॲनिमेशनं कुचकामी.

"आमची ऑनलाइन शाळा आहे, प्रमाणपत्र मिळतं," असं कुणी म्हणालं तर एकच विचारा, परीक्षा कोणत्या मंडळाची? उत्तर गोलगोल आलं तर फोन ठेवा. मंडळाचं नाव सांगितलं तर ते शालेय मंडळांच्या परिषदेच्या, म्हणजे कोब्सेच्या यादीत आहे का ते तपासा. एनआयओएसचं केंद्र असल्याचा दावा असेल तर एनआयओएसच्याच संकेतस्थळावर केंद्रांची यादी आहे, तिथे बघा. बनावट मंडळांच्या प्रमाणपत्रांनी पोरांची वर्षं वाया गेल्याची उदाहरणं आपल्या देशात कमी नाहीत.

वाट ठरली की दुसरा प्रश्न: विकत काय घ्यायचं आणि फुकट काय आहे? फुकट इतकं आहे की आपण त्याच्याकडे बघतच नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफ रूपात उतरवून घेता येतात. २०१७ पासून सरकारचं 'दीक्षा' हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ आहे. खान अकॅडमीचं गणित मराठीत आहे. एनआयओएसने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःची व्हर्च्युअल शाळा सुरू केली, आपल्या विद्यार्थ्यांसाठी. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत बसून अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी तर जगभर पोचली. त्यांचे मराठीतले व्हिडिओ पाहून मुलं स्ट्रॉची पिपाणी करतात आणि मग घर डोक्यावर घेतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची जयश्री रामदास यांची 'हलके फुलके विज्ञान' ही प्राथमिकची पुस्तकमाला मला फार आवडते. तिच्यात उत्तरं कमी आणि करून बघायची कामं जास्त. हे केंद्र मानखुर्दला आहे, आपल्याच हार्बर मार्गावर.

आणि काही गोष्टी पडद्यावर शिकवायच्याच कशाला? पनवेल स्थानकावरून पेणकडे जाणारी एसटी धरा. पळस्पे सोडलं की शिरढोण, म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव; त्यांचा जन्म १८४५ सालचा. पुढे कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य. त्याच्या पुढे तारा, जिथे युसुफ मेहेरअली सेंटर आहे आणि तेलघाणा, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग आहेत. इतिहास, पक्षी आणि घाण्याचं तेल, तिन्ही एका रस्त्यावर. यासाठी पर्यावरण अभ्यासाचा ऑनलाइन क्लास लावणाऱ्या घराला मी काय म्हणू!

मग ऑनलाइन क्लास लावायचा कशासाठी? घरात, नात्यात, गल्लीत जे मिळत नाही त्यासाठी. तुमच्या मुलीला संस्कृत शिकायचंय आणि घरात कुणाला 'रामः रामौ' पलीकडे येत नाही. मुलाचं गणित तुमच्या पुढे निघून गेलंय. कुणाला तबल्याचा नाद आहे, पण जवळचे गुरुजी संध्याकाळी सातलाच वेळ देतात आणि तेव्हा तुम्ही लोकलमध्ये लटकलेल्या असता. अशा वेळी पडदा हे खरंच वरदान आहे. पुण्यातली बाई, नागपूरचे सर, अमेरिकेत राहणारी एखादी मराठी गणितज्ञ तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे नव्हतं.

मालविका राज जोशी हे नाव अशा गप्पांत हमखास निघतं. मुंबईची मुलगी. दादरच्या शाळेत सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढलं आणि घरी अभ्यासक्रम आखला. आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये ती एमआयटीला गेली. हे ऐकून पालक घरी जातात आणि कोडिंगचा क्लास लावतात. ऐकताना दोन गोष्टी मात्र निसटतात. एक म्हणजे, तिने आधी बरेच विषय चाखून पाहिले आणि त्यांतला प्रोग्रामिंग तिला आवडला. ओढ आधी, शिकवणं नंतर. दुसरी अशी, की बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने एवढी पदकं असूनही तिला आपल्या आयआयटीत प्रवेश मिळू शकला नाही. मघाशी परीक्षेच्या वाटेचं सांगितलं ते म्हणूनच.

आता डेमो क्लासबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण फसगत इथेच होते.

कामोठ्याच्या एका घरात मी असा डेमो बघत बसले होते. मुलगी दहा वर्षांची, विषय अपूर्णांक. बाई हसतमुख, पार्श्वभूमीला रंगीत फुगे. पडद्यावर पिझ्झा आला, त्याचे चार तुकडे झाले, एक नाहीसा झाला. "किती उरले?" "तीन." "वॉव, सुपर!" प्रत्येक उत्तराला टाळ्यांचा आवाज. वीस मिनिटांत मुलीने बोटाने पडदा दाबण्यापलीकडे काही केलं नाही. मग बाई गेल्या आणि एक तरुण आला, त्याला काउन्सेलर म्हणतात. "मॅडम, तुमच्या मुलीत स्पार्क आहे. पण बेस कच्चा राहिला तर पुढे जड जाईल. आज रात्री बारापर्यंत घेतलं तर चाळीस टक्के सूट." आधी कौतुक, मग भीती, मग घड्याळ. या क्रमाने कुणी बोललं की समजायचं, अपूर्णांकांचा भाग संपला आणि दुकान उघडलं.

दुसरा क्लास एका निवृत्त शिक्षिकेचा. फुगे नाहीत, मागे कपाट आणि कपाटावर इस्त्रीचे कपडे. समोर आठ वर्षांचा मुलगा. ५२ वजा २७ याचं उत्तर त्याने ३५ काढलं. बाईंनी चूक म्हटलं नाही. "कसं केलंस रे? वही दाखव." त्याने वही उलटी धरली, मग सुलटी. बाई पडद्याजवळ येऊन बघत राहिल्या. त्याने सातातून दोन वजा केले होते, पाचातून दोन वजा केले होते. मोठ्यातून लहान, हा त्याचा नियम. "घरात दहाच्या नोटा आहेत का? पाच आण. आणि रुपयाची दोन नाणी." मुलगा खुर्ची सोडून पळाला, आजीची पाकीट-पिशवी उपसली, नोट फाटेल म्हणून आजी ओरडली. "आता मला सत्तावीस रुपये दे." त्याने दोन नोटा बाजूला काढल्या, नाण्यांकडे पाहिलं आणि थांबला. बाईही थांबल्या. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "एक नोट सुट्टी करायला लागेल." जेवायच्या वेळपर्यंत तो घरातल्या प्रत्येकाला सुट्टे मागत हिंडत होता.

तेव्हापासून क्लास निवडताना मी पालकांना हेच बघायला सांगते, की तो संपल्यावर मूल काय करतं. लॅपटॉप मिटून धाडकन सोफ्यावर पडतं? लगेच यूट्यूब उघडतं? की काहीतरी शोधायला उठतं, विचारतं, चिडून का होईना पण पुन्हा मांडून बघतं? ही खूण क्लासमधल्या टाळ्यांपेक्षा खरी. आणि ती एका डेमोत दिसत नाही. म्हणून डेमोऐवजी चालू वर्गात बसू द्या असं सांगा, आणि नेमके जे शिकवणार आहेत त्याच शिक्षकांच्या वर्गात. बऱ्याच ठिकाणी डेमो घेणाऱ्या बाई वेगळ्या आणि रोजच्या वेगळ्या असतात. 'बॅचमध्ये किती मुलं' हेही विचारा. सहा-आठ मुलांत शिक्षकाला चेहरे दिसतात. चाळीस झाली की तो व्हिडिओच झाला, आणि व्हिडिओ फुकटही मिळतात. गृहपाठ कोण तपासतं, हाही एक प्रश्न. 'सिस्टीम तपासते' असं उत्तर आलं तर ३५ हे उत्तर कसं आलं ते सिस्टीमला कळणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मुलालाही निवडू द्या. मात्र "आवडला का?" असं विचारू नका, फुगे सगळ्यांनाच आवडतात. "पुन्हा त्यांच्याशी बोलायचंय का?" असं विचारून बघा.

पैशाचं सरळ बोलू या. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एड-टेक कंपन्यांबाबत पालकांना सावध करणारं पत्रकच काढलं होतं. खात्यातून आपोआप हप्ता कापला जाईल अशी परवानगी देऊ नका, नकळत कर्जाच्या कागदावर सही करू नका, जाहिरातीतल्या यशोगाथांवर विसंबू नका, असं त्यात होतं. कर्जाचं विशेष सांगते. 'नो कॉस्ट ईएमआय' ऐकायला गोड, पण बहुतेक वेळा ते वित्त कंपनीचं कर्ज असतं आणि तुमच्या नावावर असतं. क्लास बंद पडला तरी हप्ता मागणारा वेगळा आणि शिकवणारा वेगळा. आणि क्लास बंद पडू शकतो. बायजूजसारखी देशभर गाजलेली कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तिथे बाकीच्यांचं काय! महिन्याचे पैसे महिन्याला द्या. वर्षाच्या सवलतीत जे वाचतं त्यापेक्षा तिसऱ्या महिन्यात क्लास सोडायची मोकळीक जास्त मोलाची आहे. परताव्याची अट लेखी घ्या, नुसता फोनवरचा शब्द नको. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

वेळेचंही एक माप आहे. जुलै २०२० मध्ये, शाळाच पडद्यावर गेल्या होत्या तेव्हा, केंद्राने 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं दिली. पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रं, नववी ते बारावीला चार, पूर्वप्राथमिकला पालकांबरोबर अर्धा तास. महासाथीत, दुसरा इलाज नसताना, सरकारने एवढंच सांगितलं होतं. आपल्याला तर इलाज आहे. मग सुरुवातीच्या त्या वेळापत्रकातले सहा क्लास कुठे बसवायचे?

आणि आपली घरं. वन बीएचकेच्या हॉलमध्ये मुलगा इयरफोन लावून बसलाय, शेजारी आजोबांचा टीव्ही, आत कुकरच्या शिट्ट्या. क्लासची वेळ ठरवताना घरातल्या माणसांची वेळ आधी बघा. आजोबांच्या बातम्या बंद करून लावलेला क्लास घरात कुणालाच सुखाने जगू देत नाही. पावसाळ्यात वीज गेली की वायफाय गेलं, हे पनवेलकरांना सांगायला नको. हुकलेल्या तासाचं काय करता, हे शिक्षकांना आधीच विचारून ठेवा.

सोबतीचा प्रश्न सगळेच काढतात. ऑनलाइन वर्गात मित्र मिळतात का? मोठ्या मुलांना थोडेफार मिळतात, लहानांना जवळजवळ नाही. चौकोनातला चेहरा ढकलता येत नाही, त्याच्या डब्यातलं खाता येत नाही. त्यासाठी मैदान, वाचनालय, गणपतीत नाटकाची तालीम, असलंच काहीतरी लागतं. ऑनलाइनच करायचं तर एक सुचवते. पनवेल, खारघर, उलवे अशा आसपासच्या तीन-चार घरांनी मिळून एकच शिक्षक ठरवा आणि महिन्यातून एकदा मुलांनी कुणाच्या तरी घरी जमून तो तास एकाच पडद्यासमोर करावा. शिक्षकाला चांगलं मानधन मिळतं, घराला स्वस्त पडतं, आणि तास संपल्यावर पोरं जिन्यात दंगा करायला मोकळी.

नोकरी करणाऱ्या आया विचारतात, "मग दिवसभर सांभाळायचं कुणी? क्लासमध्ये निदान गुंतून तरी राहतो." हा प्रश्न खरा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो सांभाळण्याचा प्रश्न आहे, शिक्षणाचा नाही. दोन्हीची गल्लत करून क्लास निवडला की दोन्ही बिनसतं. आजी, मावशी, शेजारच्या काकू, आलटून पालटून घरून काम, यातलं काहीच जमत नसेल तर घरी शिकवायचं पाऊल आणखी एक-दोन वर्षांनी उचललं तरी चालेल. शाळा कुठे पळून जात नाही.

शेवटी क्लास सोडण्याबद्दल. मूल म्हणालं नको, तर लगेच बंद करू नका आणि लगेच दटावूही नका. त्याच्याबरोबर दोन तास बसा. विषय अवघड झालाय की शिक्षक कंटाळवाणे, हे दोन तासांत कळतं. अवघड असेल तर शिक्षकांना सांगून दोन पायऱ्या मागे घ्या. कंटाळवाणं असेल तर सोडा, पण मुलाने स्वतः शिक्षकांचा निरोप घ्यावा, "सर, पुढच्या महिन्यापासून येणार नाही" एवढं तोंडाने सांगावं. गायब होऊ नये. पैसे परत मागायचे असतील तर ईमेलनेच मागा आणि तारीख लिहा. मग पंधरा दिवस तरी दुसरा क्लास शोधू नका. त्या पंधरा दिवसांत काउन्सेलरचे फोन येतील, सूट चाळीसवरून साठ टक्क्यांवर जाईल. नंबर ब्लॉक करायला मुलाला सांगा, त्याला ते तुमच्यापेक्षा चांगलं येतं.